ढ असल्याचा दाखला

गोल्फमध्ये आपण किती वाईट खेळतो याचा अधिकृत आकडा असतो. त्याला हँडिकॅप म्हणतात. आमचे मास्तर तो फुकट सांगत, तोही अख्ख्या वर्गासमोर. इंग्लंडात आलो तेव्हा कळलं, इथं त्यासाठी आधी क्लबाचं सभासद व्हावं लागतं. आमच्या भागातल्या क्लबाची वर्गणी शेकड्यांनी पौंड! म्हणजे मी ढ आहे हे ऐकायला पैसेही मीच मोजायचे.

स्कॉटलंडातलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स तर सार्वजनिक मैदान. पण तिथंही आधी हँडिकॅप दाखवा!

२०२१ साली इंग्लंड गोल्फ या संस्थेनं 'आयगोल्फ' काढलं. तेव्हा वर्षाला ४० पौंड. क्लब नको. ५४ होल्स खेळा, सोबत्याच्या साक्षीनं गुण नोंदवा, आकडा घ्या. लगेच काही क्लबवाले कुरकुरले, "आमचे सभासद पळतील!" अहो, पळू द्या की! माणसं एका आकड्यापायीच थांबली असतील, तर तुमच्या हिरवळीत राम तो काय? म्हणे, हे लोक खोटे गुण लिहितील. का? कोट-टाय घातला की पेन्सिल खरं बोलते वाटतं?

माझा आकडा आला : ४१.३.

ही म्हणाली, "शंभरपैकी ना? पास झालात!"