आठ गुणांचं खोटं

सोलापूरच्या नळाला कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, आणि सोलापूरची पोरं निबंधात दुथडी भरून वाहणारे ओढे लिहितात. जुलैत इथले ढग तोंड दाखवून निघून जातात. वहीत मात्र धो-धो कोसळतात. हा पाऊस येतो कुठून? गाइडातून.

निबंध कसा लिहावा, हे शाळेत शिकवतात म्हणे. काय शिकवतात? सुरुवात, मध्य, शेवट. सुरुवातीला सुविचार, मध्यात फायदे-तोटे, शेवटी समाजाला उपदेश. ‘मी पाहिलेला अपघात’ लिहिणाऱ्या पोरानं अपघात पाहिलाय का, हे कुणी विचारत नाही. हे चादर विणण्यासारखंच झालं : जॅकार्डच्या मागावर छिद्रांचे पुठ्ठे एकदा चढवले, की प्रत्येक चादरीवर तीच नक्षी उतरते. चादरीला ते शोभतं. शिवाय ती थंडीत उपयोगी पडते.

दहावीच्या कुमारभारतीत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतलं एक लिहायचं, गुण 8. तेवढ्यासाठी मुलांना आपलं अख्खं जगणं वर्गाबाहेर ठेवावं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलीच्या घरात तेलुगू बोलतात, शेजारी यंत्रमाग खडखडतो, आई हजारामागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळते. एवढा ऐवज उशाशी असताना ती ‘माझी आई’मध्ये लिहिते : प्रेमळ, कष्टाळू, वात्सल्यमूर्ती. विडीचा उल्लेखही नाही. अशा वह्या चाळताना मला त्या मुलीचा राग येत नाही, लाल शाईचा येतो.

‘पोरांना सुचतच नाही हो,’ असं गुरुजी म्हणतात. 1855 साली पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीला बरं सुचलं! मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. तिच्यापाशी गाइड नव्हतं. पोटात आग होती आणि ती कागदावर उतरू देणारे शिक्षक होते. आज ती परीक्षेला बसली असती, तर ‘समारोप सकारात्मक नाही’ म्हणून तिचे गुण कापले असते.

निबंध लिहायचा म्हणजे आधी डोळे उघडे ठेवायचे, मग मुद्दे टिपायचे, कच्चं लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, निम्मं खोडायचं, पुन्हा लिहायचं. आपल्याकडे मात्र वही स्वच्छ हवी. जी खरी मेहनत, तिचीच शिक्षा!

गुरुजी, बाई, पाठांतराच्या पक्क्या वह्या बाजूला ठेवा आणि कच्च्या वह्या तपासा. ‘आमच्या घरातली महिनाअखेर’ असा विषय द्या आणि खाडाखोडीला गुण द्या. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सुधारता येतं. पण खोटं सफाईनं लिहायची सवय एकदा लागली, की ती अर्जात, अहवालात आणि भाषणात जन्मभर पुरते.