लग्न महेश्वरलाच



लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. इंदुरात मॅरेज गार्डनांना काय तोटा, पण ती अडून बसली की लग्न महेश्वरला, किल्ल्यावर, समोर नर्मदा. म्हटलं, बघून तर येऊ. नव्वदेक किलोमीटर, सकाळी पोहे खाऊन निघालो.

स्पष्टच लिहिते. घरातला वाद खर्चावरून नव्हताच. नात्यातल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, बाई जिथे विधवा म्हणून राहिल्या, तिथे लग्न? शुभकार्याला दुसरी जागा नाही का?" आणि हे कोणाला सांगतायत, तर मला. आमच्या यांना जाऊन सहा वर्षं झाली.

अहिल्याबाईंच्या वाट्याला दुःख आलं हे खरंच. 1754 मध्ये कुंभेरला खंडेराव गेले, 1766 मध्ये मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. नंतर मुक्ताबाई सती गेली. पण 1767 पासून 1795 पर्यंत राज्य चालवलं ते याच बाईंनी. महेश्वरला घाट बांधले, विणकर आणून वसवले. आहेराला माहेश्वरी साडी चालते ना तुम्हाला? मग महेश्वरच तेवढं का चालत नाही?

तिथला वाडा म्हणजे काही महाल नाही. लाकडी खांब, अंगण, बाईंची साधी गादी. लेकीला तो साधेपणाच आवडला, आणि मला लेकीचं आवडणं.

इव्हेंटवाल्याची स्वप्नं मात्र वेगळीच. घाटावर स्टेज, नावेतून नवरीची एन्ट्री, रात्री डीजे. मी म्हटलं, भिया, सकाळी तिथे लोक आंघोळीला येतात, परिक्रमावासी येऊन टेकतात, त्यांना काय दोरी बांधून अडवणार? घाट आपण भाड्याने घेतलेला नाही. लग्न वर अंगणात, माणसं सत्तर, वाजंत्री म्हणून सनई. बास. लेक दोन दिवस फुगली होती नावेसाठी. फोटोला एकदा बसून ये म्हटल्यावर निवळली.

आणि ज्यांना अशी जागा घ्यायची असेल त्यांनी आधी घाटावरून किल्ल्यापर्यंत स्वतः चढून बघा. मी चढले, दोनदा टेकले. सासूबाई ब्याऐंशीच्या. त्यांना खाली उतरवायचंच नाही, गावाच्या बाजूने गाडी वर जाते, तिथूनच आणायचं. नर्मदामाई वरूनही दिसते.

त्या फोनवाल्या बाईंना पत्रिका द्यायला मी जाणारच आहे. त्यांची आणखी एक सूचना आली आहे, की कन्यादानाला दीर-जावेला बसव. दिरांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा. मी पंगतीचं बघतो."

गुरुजींशीही बोलून झालंय. मीच बसणार आहे.