विश्लेषण : बेटावरचे मंदिर, पण पाणीच नसेल तर? अंगकोरचे प्राचीन जलाशय आजही का महत्त्वाचे?

कंबोडियाला गेलेला पर्यटक अंगकोर वाटचा सूर्योदय टिपतो, दोन-तीन मंदिरे पाहतो आणि परततो. मात्र या नगरीचे मोठे बांधकाम शिखरांत नाही, पाण्यात आहे. तेच बघायचे राहून जाते.

बाराय म्हणजे काय?

बाराय म्हणजे ख्मेर राजांनी बांधलेले आयताकृती महाजलाशय. खोल खड्डा खणून नव्हे, तर सपाट जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे बांध घालून ते उभारले गेले. ११व्या शतकातील पश्चिम बाराय सुमारे ८ किमी लांब आणि २ किमी रुंद आहे. त्याची क्षमता अंदाजे ५ कोटी घनमीटर, म्हणजे पावणेदोन टीएमसी. आपले खडकवासला धरण साधारण दोन टीएमसीचे, यावरून आवाका लक्षात यावा. त्याच्या मधोमध बेटावर पश्चिम मेबोन मंदिर आहे. पहुडलेल्या विष्णूच्या भव्य कांस्यमूर्तीचे अवशेष १९३६मध्ये तिथेच सापडले. हे जलाशय सिंचनासाठी होते की धार्मिक कारणासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

पाणी आटले की काय होते?

नवव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पूर्व बाराय आज कोरडा आहे, त्यात भातशेती होते. मधल्या पूर्व मेबोन मंदिराला होड्यांसाठीचे धक्के आहेत, समोर पाणी मात्र नाही. पाहणाऱ्याला ते टेकाडावरचे मंदिर वाटते.

याउलट उदाहरण नीक पीनचे. सातव्या जयवर्मनने १२व्या शतकाच्या अखेरीस जयतटाक हा जलाशय आणि त्यातील हे बेट उभारले. मध्यभागी मोठे कुंड, भोवती चार लहान कुंडे आणि मंदिराच्या पायथ्याला वेटोळे घातलेले नाग. कित्येक शतके कोरडा राहिलेला जयतटाक २००८च्या सुमारास अप्सरा प्राधिकरणाने पुन्हा भरला. आता लाकडी साकवावरून पाणी ओलांडत तिथे जाता येते आणि हे बेट का, हे न सांगता कळते.

याचा मंदिरांच्या सुरक्षिततेशी काय संबंध?

अंगकोरची मंदिरे वाळूच्या भरावावर उभी आहेत. ही वाळू ओलसर असेल, तोवर भार पेलते. भूजल खाली गेले तर पाया खचण्याची भीती असते. शेजारच्या सिएम रीप शहरात पर्यटनासोबत हॉटेले वाढली आणि बोअरवेलचा उपसाही. करोनापूर्वी वर्षाला २० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक येथे येत होते. जलाशय भरलेले राहिले, तर जमिनीत पाणी मुरते. २००९ ते २०११च्या पुरांनंतर जुने कालवे आणि जलाशय दुरुस्त करून पुराचे पाणी वळवण्यासाठीही वापरले गेले.

मग पर्यटकाने काय करावे?

अभियांत्रिकी शिकताना धरण म्हणजे काँक्रीटची भिंत, हेच डोक्यात बसते. इथे मातीच्या बांधाने हजार वर्षे पाणी धरले आहे. तरीही जतनाचा बहुतांश बोलबाला दगडी शिल्पांचाच होतो. पुरातन जलव्यवस्था चालू ठेवणे हेही जतनच, किंबहुना पहिले जतन. अंगकोरचे एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलरचे आहे. त्यातले दोन तास नीक पीनसाठी ठेवा आणि हॉटेलात परतल्यावर नळ जपून वापरा. मंदिराखालची वाळू त्याच पाण्यावर तग धरून आहे.