मॅकबेथची राणी

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' वाचून झाले, की वर्गात बहुधा एकच निकाल ऐकू येतो: नवरा मुळात भला होता, बायकोने त्याचा घात केला. आपल्याकडील वाचकांस तर लागलीच कैकेयी आठवते. आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो, आणि कैकेयीची उपमा तर मुळीच लागू पडत नाही. कैकेयीच्या पदरी दशरथाने दिलेले दोन वर होते. ते मागताच राजाचा निरुपाय झाला. लेडी मॅकबेथच्या पदरी काय आहे? सैन्य नाही, सरदारकी नाही. फार काय, नाटककाराने तिला स्वतःचे असे नावही दिलेले नाही.

राजहत्येचा विचार तिने नवऱ्याच्या मनात घातला, हेही खरे नव्हे. चेटकिणींचे भविष्य ऐकताच, पत्नीची गाठ पडण्यापूर्वीच, तो विचार मनात येऊन त्याचे अंग शहारले होते. पुढे तो कचरू लागतो तेव्हा ती त्याच्या पुरुषत्वास डिवचते. हे एकच शस्त्र तिच्यापाशी आहे, आणि तेही उसने. वार करण्याची हिंमत म्हणजे पुरुषत्व, ही व्याख्या तिच्या नवऱ्याच्या जगाची. बंडखोरास उभा चिरल्याबद्दल तेथे राजाच्या मुखातून शाबासकी मिळते. म्हणूनच स्वतःस बळ हवे असता ती आपले स्त्रीत्व काढून घेण्याविषयी पिशाच्चांस विनविते. इतके करूनही निजलेल्या डंकनच्या चेहऱ्यात तिला आपला बाप दिसतो व तिचा हात उचलत नाही. खंजीर नवऱ्यानेच चालविला.

मग मुकुट मिळतो. जिला त्याने पत्रात वैभवातील आपली भागीदारीण म्हटले होते, तीच आता महाराजांस सवड असल्यास दोन शब्द बोलावयाचे आहेत, असा निरोप चाकराबरोबर धाडते. हा प्रसंग जेमतेम दोन ओळींचा असल्याने त्यावर कोणी थांबत नाही. आमच्या मते नाटकाचे मर्म येथेच आहे. बँकोस मारण्याचा बेत राजा तिला सांगत नाही, लाडाचे दोन शब्द बोलून टाळतो. मेजवानीत भूत पाहून तो भांबावतो तेव्हा ती पुन्हा पुरुषत्वाचेच शस्त्र उपसते, परंतु आता त्याची धार गेलेली असते. सरदारास तिच्या मसलतीची गरज होती. राजास ती उरली नाही.

त्याच नाटकात पुरुषत्वाची दुसरीही व्याख्या आहे. बायकामुलांच्या हत्येची वार्ता ऐकून मॅकडफ कोसळतो. मर्दासारखे तोंड दे, असे मॅल्कम बजावतो, तेव्हा मर्दासारखे दुःखही भोगलेच पाहिजे, असे तो उत्तर देतो. (तोही बायकोस न सांगताच इंग्लंडास निघून गेला होता, हे मात्र विसरून चालणार नाही.)

इतिहासातील मॅकबेथने स्कॉटलंडावर १०४० ते १०५७ पर्यंत राज्य केले. त्याच्या राणीचे नाव ग्रुओख. लॉख लेव्हेन येथील मठवासीयांस दिलेल्या जमिनीच्या दानलेखात राजा व राणी म्हणून दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. शेक्सपिअरच्या राणीस हे शेजार अखेरीस केवळ झोपेत लाभते. राजा रणात गेलेला असता ती मध्यरात्री मेणबत्ती घेऊन चालते, हात धुते, आणि नसलेल्या नवऱ्याचा हात मागून त्यास शय्येकडे नेऊ पाहते. पुढे जागा असलेला नवरा तिच्याविषयी एकदाच विचारतो, आणि तेही वैद्यास, 'तुमचा रोगी' असे म्हणून. नंतर आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. हा कसला आवाज, असे त्यास सेवकाला विचारावे लागते.