प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी

पाडवा उलटला की पनवेलच्या बाजारपेठेत मालाच्या भावाबरोबर शाळांच्या फीचीही चर्चा सुरू होते. अनेक साधर्मिक कुटुंबांपुढे यंदाही तोच प्रश्न आहे : मुलाला धर्मसंस्कार देणाऱ्या समाजाच्या खासगी शाळेत घालावे, की घराजवळच्या महापालिकेच्या अथवा अनुदानित शाळेत?

प्रश्न नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या एकाच गावाच्या परिसरात त्याची दोन उत्तरे सापडतात. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील जन्मले. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकावयास होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांनीच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. आपल्या पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे आहे. याच कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरी १९३४ मध्ये समंतभद्र महाराजांनी ब्रह्मचर्याश्रम उभा केला, जेथे शालेय विद्या आणि धर्मशिक्षण एकाच छताखाली चालले. दोन्ही कार्ये थोर, आणि दोन्ही आपलीच.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुरुकुलात मूल अहोरात्र राहते. नावात धर्म असलेल्या आजच्या शाळेत ते सहा तास असते आणि त्यांत धर्माला पुष्कळदा आठवड्याचे एक-दोन तास मिळतात. म्हणून फलक पाहून न भुलता वेळापत्रक मागून पाहावे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि घटनेच्या ३०व्या अनुच्छेदानुसार आपल्याला संस्था चालविण्याचा अधिकार आहे. पण हा दर्जा संस्थेच्या व्यवस्थापनाशी निगडित असतो. वर्गात नवकार शिकविला जाईलच, अशी हमी तो देत नाही. उलटपक्षी, पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास २८व्या अनुच्छेदाची मनाई आहे. त्यामुळे महापालिकेच्या शाळेकडून ती अपेक्षा करणेच चुकीचे.

आता बँकेतील जुन्या सवयीप्रमाणे थोडी आकडेमोड. पहिलीची वार्षिक फी एक लाख रुपये आणि दरवर्षी दहा टक्के वाढ धरली, तर बारावीपर्यंत एका मुलाचे सुमारे २१ लाख ३८ हजार रुपये होतात. बस, गणवेश, सहली वेगळ्या. दोन मुले असतील तर दुकानाचे खेळते भांडवल यातच अडकते. ज्यांना झेपते त्यांनी जरूर द्यावेत. कर्ज काढून देणाऱ्यांनी मात्र त्या पैशांत नेमके काय मिळते, हे विचारावे.

महापालिकेच्या शाळांविषयीच्या शंका सर्वस्वी निराधार नाहीत. शिक्षक निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला जातात. कायद्यानेच तशी मुभा आहे. आहाराची चिंताही खरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंड्याचा निर्णय झाला, तेव्हा कित्येक माता अस्वस्थ झाल्या. अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद त्याच निर्णयात होती, याची वार्ता मात्र घरोघरी पोहोचली नाही. शिवाय घरचा डबा आहेच.

माझे मत विचाराल तर शाळा जवळची आणि चांगले शिक्षक असलेली घ्यावी, मग ती कोणाचीही असो. ज्या मुलाला उद्या याच गावात गल्ल्यावर बसावयाचे आहे, त्याला आगरी, कोळी, मुसलमान, मराठा अशा सगळ्या घरांतले वर्गमित्र असणे हे मोठे भांडवल आहे. मुंबईत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाने हाच मार्ग धरला : निवास आणि धर्माभ्यास समाजाच्या छत्राखाली, शिक्षण सर्वांसोबत.

पण मग धर्माचा सारा भार पाठशाळेवर येतो, आणि तेथे आपण कंजूष आहोत. आठवी-नववीत खासगी शिकवणी सुरू झाली की सर्वांत आधी पाठशाळा सुटते. शिकविणाऱ्या भगिनींचे मानधन पुष्कळ ठिकाणी शाळेच्या बसभाड्याएवढेही नसते. विश्वस्त मंडळांना विनंती, की चातुर्मासापूर्वी पालकांची बैठक घ्यावी, शिकवणीच्या वेळा विचारून मगच पाठशाळेची वेळ ठरवावी आणि मानधनाचा विषय त्याच बैठकीत घ्यावा.