भिंत दिसते, गाळ दिसत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकातील होसपेटेजवळच्या तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, आणि वाया जाणाऱ्या पाण्याची बातमी देशभर झाली. परंतु याच जलाशयाचे एक कायमचे नुकसान अनेक दशके निःशब्दपणे चालू आहे. १९५३ मध्ये पाणी अडवले तेव्हा त्याची क्षमता सुमारे १३३ टीएमसी होती. २०१६ च्या सर्वेक्षणात ती १०६ टीएमसीच्या आत आली. पाचवा हिस्सा गाळाने गिळला.

नदी जलाशयात शिरताच तिचा वेग मंदावतो. जाड वाळू मुखाशीच बसते, बारीक माती पुढे सरकते. म्हणूनच गाळ केवळ तळाच्या मृत साठ्यात साचतो, हा समज फसवा आहे. तो सिंचनाच्या उपयुक्त साठ्यातही जागा अडवतो.

ही तूट भरून काढण्यासाठी कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यात नवली येथे समतोल जलाशय सुचवला आहे. परंतु नवा जलाशय जुन्यात येणारा गाळ थांबवत नाही. साचलेला गाळ उपसणे अतिशय खर्चिक. तेव्हा पाणलोटातच माती धरून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. शिवाय प्रत्येक मोठ्या जलाशयाची ठरावीक काळाने मोजणी व्हावी, तिचे आकडे जनतेसमोर यावेत आणि पाणीवाटप त्यांवरच ठरावे. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याचे पीक कागदावरच्या पाण्यावर पिकत नाही.