गाडीचे वय आणि गाडीचा गंज

काही अपवाद वगळता १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. हिशेबाला सोपा, पण गंज जन्मतारीख पाहत नाही. जैसलमेरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. पुरीच्या खाऱ्या वाऱ्यात तोच लवकर कुजतो.

पूर्व किनाऱ्यावर असताना मी एक व्हॅन पाहिली. वय नऊ वर्षे, रंग चकचकीत, योग्यता प्रमाणपत्र वैध. चालकाने दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. पाणी निघण्याची छिद्रे चिखलाने बुजलेली. गंज न काढताच वरून डांबरी लेप फासलेला, म्हणजे ओल आतच कोंडलेली. (लेपाचे बिल मात्र फाइलीत व्यवस्थित होते!) याच गाडीतून लसीकरणाचे पथक फिरत असे.

ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट वा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आतला भार पेलणारा पत्रा फार कुजलेला आढळला, तर गाडी नापास होते. आपल्याकडे तळ ठोकून पाहणारा निरीक्षक मला तरी क्वचितच भेटला. निर्लेखनाच्या प्रस्तावात वर्षे आणि किलोमीटर यांच्या शेजारी तळाच्या गंजाचा एक रकाना वाढवायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची आहे?